तुटक्या पायरीचं दुखणं

छप्पर गळायला लागलं की आपण पावसाळ्याची वाट न पाहता माणूस बोलावतो. नळ ठिबकू लागला की दोन दिवसांत प्लंबर येऊन जातो. पण अंगणातून ओटीवर जाणाऱ्या तीन-चार पायऱ्यांपैकी एकीची कड फुटली, तर ती वर्षानुवर्षं तशीच राहते. घरातली माणसं त्या जागेवर पाय न देता चढायला शिकतात, आणि एकदा शिकली की पायरी तुटलेली आहे हेही विसरतात. पाहुण्यांना ते माहीत नसतं. कुरियर घेऊन येणाऱ्या मुलाला माहीत नसतं. आणि रात्री वीज गेली असताना बॅटरी शोधत खाली उतरणाऱ्या आजींना ते माहीत असूनही उपयोग नसतो. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं किती बदलतं, हे ज्यांच्या घरी घडलंय त्यांना सांगायला नको. एवढ्या मोठ्या दुखण्याचं मूळ कधी कधी दोन इंच सिमेंट असतं.

आज बोलायचंय ते या दोन इंचांबद्दल. हे काम एका सुट्टीच्या दिवशी, दोन-चार हत्यारं हाताशी असतील तर घरच्या घरी होतं. अट एकच, की ते नीट समजून करायला हवं. कारण घरगुती डागडुजीत इतकं वारंवार फसणारं दुसरं काम क्वचित असेल. आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. फुटक्या कडेवर सिमेंटचा गोळा थापलेला असतो, दिवाळीला केलेला असतो, आणि पुढच्या दिवाळीला तो अख्खाच्या अख्खा, तळहाताएवढ्या खपलीसारखा निघून हातात येतो. मग दोष सिमेंटच्या कंपनीला. खरं तर तिथं सिमेंटची काहीच चूक नसते.

आधी एक मोठा फरक सांगतो, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पायऱ्या दोन प्रकारच्या. एक, जमिनीवर टेकलेल्या. म्हणजे जोत्याला लागून खाली दगडविटांचा किंवा मुरमाचा भराव आणि त्यावर काँक्रीट. दुसऱ्या, अधांतरी. पहिल्या मजल्यावर जाणारा जिना, ज्याच्या खाली आपण सायकल ठेवतो, तो सळयांच्या जोरावर उभा असतो. पहिल्या प्रकारची पायरी कितीही तुटली तरी कोसळून खाली जात नाही. ती आपण दुरुस्त करू शकतो. दुसऱ्या प्रकारात वरची कड फुटली असेल तर तीही भरता येईल. पण जिन्याच्या पोटाला, म्हणजे खालच्या बाजूला, लांबट तडे दिसत असतील, तांबूस डाग उतरले असतील किंवा गिलाव्यासकट काँक्रीटचे पापुद्रे पडत असतील, तर तिथं थापी लावू नका. स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. त्याची फी वाचवण्याची ही जागा नव्हे.

आता जमिनीवरच्या पायरीकडे वळू. एक साधा हातोडा घ्या आणि पायरीवर सगळीकडे हलकेच ठोकत जा. बाजारात मडकं घेताना आपण बोटानं वाजवून पाहतो ना, तसंच. जिथं काँक्रीट धड आहे तिथं खणखणीत आवाज येतो. जिथं वरचा थर सुटलाय तिथं आवाज बद्द, पोकळ येतो. रेडिओवर चित्र काढून दाखवण्याची सोय नाही, पण या कामात चित्रापेक्षा आवाजच जास्त सांगतो, ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट. बद्द वाजणाऱ्या भागाभोवती खडूनं रेघ मारा. बहुतेक वेळा असं दिसेल, की डोळ्यांना दिसणारा खड्डा वीतभर आहे आणि खडूची रेघ हातभर लांब गेली आहे. दुरुस्ती रेघेएवढी करायची, खड्ड्याएवढी नाही.

मग प्रश्न येतो, की हे झालं कशानं? कारण शोधल्याशिवाय भरायला घेतलं तर पुन्हा तेच होणार.

सगळ्यात साधं कारण म्हणजे मार. गॅसचा भरलेला सिलिंडर टाकीसकट सुमारे तीस किलोंचा असतो, आणि तो उचलून नेण्यापेक्षा पायरीपायरीवर आपटत नेणं सोपं जातं. स्कूटर ओटीवर चढवण्यासाठी कडेवर फळी टेकवतात. काँक्रीट दाबाला पक्कं, पण कडेला आडव्या तडाख्यानं ते सहज उडतं. ही जखम स्वच्छ असते आणि ती भरणंही सोपं.

दुसरं कारण मूळ कामातच असतं. पायऱ्या हे घरबांधणीतलं शेवटचं काम. जुन्या घरांचं तर आणखीच वेगळं. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः सुटलं आणि १९८९ मध्ये पूर्ण. त्याआधी परमिटवर मोजकी पोती मिळायची. ती पाया, कॉलम, स्लॅब यांत जायची, आणि पायऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. आज सिमेंट हवं तेवढं मिळतं, पण पायऱ्या अजूनही शेवटीच होतात. गवंडी पुढच्या कामावर जायच्या घाईत असतो, आणि मालकाचे पैसे संपत आलेले असतात. घाईत केलेल्या पायरीवर पातळ माल ओतला जातो. पाणी वर येतं. ते सुकावं म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरून थापीनं घोटून गुळगुळीत करतात. दिसायला आरसा. पण तो वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर खालच्या अंगाशी एकजीव झालेलाच नसतो. वर्ष-दोन वर्षांत त्याची पावडर होते किंवा पोपडे येतात. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर सिमेंटचा हात फिरवलेला असतो, तिथंही हेच. चिरा पाणी पितो, फुगतो-आकसतो असं नव्हे, पण तो ओला राहतो, आणि वरचं कवच त्याला धरून राहत नाही.

तिसरं कारण लोखंड. काही ठिकाणी पायरीच्या कडेला सळई किंवा लोखंडी अँगल घातलेला असतो, मजबुतीसाठी. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्याचा अंश भरपूर, म्हणून ते चांगलंच अल्कधर्मी असतं आणि त्यात लोखंड गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षांनुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि तो अल्कधर्म मारत जातो. समुद्रकाठी मिठाचा अंश लोखंडाला अधिक झपाट्यानं गंजवतो. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर शत्रू पहिल्या दिवसापासूनच घरात. एकदा गंज सुरू झाला, की तो मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीटच्या पोटात ती जागा नसते, म्हणून ते फुटतं. अशा पायरीवर तांबूस डाग आणि कडेला समांतर जाणारी लांब भेग दिसते. इथं नुसता वरून माल भरणं म्हणजे पिकलेल्या गळवावर पट्टी चिकटवणं.

चौथं कारण जमिनीचं, आणि देशावरच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात ते फार आढळतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराचा पाया खोल, पक्क्या थरावर असतो. पायऱ्या मात्र वरच्या मातीवर नुसत्या बसवलेल्या. घर जागचं हलत नाही, पायऱ्या मात्र वर-खाली होतात. मग जोतं आणि पायरी यांच्यामध्ये फट पडते. मे महिन्यात तिच्यात रुपया जाईल इतकी, आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ बंद. या फटीत लोक सिमेंट भरतात. सिमेंट बिचारं ताणलं जात नाही, म्हणून ते दरवर्षी निघतं. खरं तर ही फट म्हणजे सांधा आहे, आणि तो सांधाच राहू द्यावा. साफ करून त्यात लवचीक सीलंट भरावं, पॉलियुरेथेनचं मिळतं, म्हणजे पाणी आत जाणार नाही आणि हालचालही होत राहील. भेग अजून हलते आहे की थांबली आहे, हे ओळखायला एक जुनी युक्ती आहे. भेगेवर आडवा, प्लास्टर ऑफ पॅरिसचा बोटभर रुंद पट्टा लावा आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख टाका. जागा मात्र पावसापासून आडोशाची हवी. दोन-तीन महिन्यांत पट्टा चिरला तर भेग जिवंत आहे. काळ्या मातीत उन्हाळा आणि पावसाळा, दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

एक पाचवं कारणही आहे, पिंपळ. भेगेत पाखरानं टाकलेलं बी रुजतं. रोप वरून तोडलं तर मूळ आत जाड होत राहतं. ते छिन्नीनं मुळापर्यंत पोचून काढावं लागतं. त्याला दुसरा उपाय नाही.

आता फसण्याचं खरं कारण. जुनं काँक्रीट आणि नवा माल यांचं लग्न का टिकत नाही? जुन्या काँक्रीटचं आकसणं केव्हाच होऊन गेलंय; नवा माल मात्र सुकताना आकसणार. एक जागचा हलत नाही आणि दुसरा आत ओढला जातो, म्हणजे जोडावर ताण. त्यात जुनं काँक्रीट कोरडं असेल तर ते नव्या मालातलं पाणी शोषून घेतं. नेमक्या जोडाच्या जागी सिमेंटला पक्कं व्हायला पाणीच उरत नाही. त्यात धूळ असेल तर माल काँक्रीटला चिकटत नाही, धुळीला चिकटतो. आणि शेवटचं, कडा. आपण खड्डा भरून माल आजूबाजूला पसरवतो, जेणेकरून जुन्या पृष्ठभागात तो बेमालूम मिसळावा. ही पातळ होत गेलेली कड सगळ्यात आधी सुकते, उन्हात ठेवलेल्या भाकरीच्या कडेसारखी, आणि तिथून वळून उचलली जाते. एकदा कड उचलली की पाणी आत, आणि मग सगळाच ठिगळ.

लोकांचा आणखी एक ठाम समज असतो, की सिमेंट जास्त घातलं की काम जास्त मजबूत. एका मर्यादेपुढे हे उलटं आहे. जास्त सिमेंट म्हणजे जास्त आकसणं, जास्त बारीक तडे. नुसत्या सिमेंटचं पाणी करून खड्ड्यात ओतणारे लोक पाहिले की वाटतं, यांना सिमेंट स्वस्त पडत असावं.

म्हणून काम असं करावं. खडूच्या रेघेच्या किंचित बाहेरून छिन्नी-हातोड्यानं सरळ, उभी कड कापून घ्या. निदान एक सेंटीमीटर खोल. तिरपी, निमुळती कड कुठंही ठेवू नका. शक्य असेल तर खोबणी आत थोडी रुंद आणि वर थोडी अरुंद ठेवा, म्हणजे नवा माल आतल्या आत अडकून बसेल. बद्द वाजणारं सगळं काढा. हात दुखले तरी थांबू नका. खणखणीत आवाज आला की मग थांबा. ग्राइंडरनं कड कापली तर काम झटपट होतं, पण त्याचं गार्ड काढून वापरू नका, आणि कापताना कुणाला तरी थोडं थोडं पाणी मारायला सांगण्याचा मोह आवरा, कारण विजेचं यंत्र आणि पाणी एकत्र नको. आधी पायरी भिजवून ठेवा, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर चांगला मास्क लावा. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसातून बाहेर येत नाही. माझ्या मते एवढ्याशा कामाला छिन्नीच बरी.

सळई उघडी पडली असेल तर तिच्या फक्त वरच्या बाजूचं काँक्रीट काढून भागत नाही. सळईच्या मागे बोट फिरेल इतकी जागा चहूबाजूंनी मोकळी करा, तारेच्या ब्रशनं लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासा आणि गंजरोधक प्रायमरचा हात द्या. तो नसेल तर निदान घट्ट सिमेंटचा लेप, माल भरायच्या अगदी आधी. सळई घासल्यावर किती उरली हे मोजा. दहा मिलिमीटरची सळई साडेआठची झाली असेल तर ऐकायला दीडच मिलिमीटर गेला, पण तिचं एक चतुर्थांशाहून जास्त लोखंड गेलेलं असतं. अधांतरी जिन्यात असं दिसलं तर पुन्हा इंजिनीअर. भरावावरच्या पायरीत तेवढी चिंता नाही. मात्र नव्या मालाचं सळईवरचं आवरण निदान दोन सेंटीमीटर हवं. तेवढं बसत नसेल तर कडेची ती सळई कापून काढलेलीच बरी. अशा पायरीला तिची गरज नसते.

मग सफाई. आधी ब्रश, मग पाण्याचा जोर. शेवाळ असेल तर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं घासून भरपूर पाण्यानं धुवा. पायऱ्या उजळ दिसाव्यात म्हणून बाजारातलं फरशी धुण्याचं ॲसिड वापरायची पद्धत आहे. ती सोडा. ॲसिड सिमेंट खातं आणि भेगेतून लोखंडापर्यंत पोचतं. शिवाय ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो, तो जिवावर बेतू शकतो. धुतल्यानंतर रात्रभर त्या जागेवर ओलं गोणपाट टाकून ठेवा. सकाळी गोणपाट काढलं की पृष्ठभाग आतून ओला आणि वरून पाणी साचलेलं नाही, अशी स्थिती हवी. काँक्रीटची तहान भागलेली पाहिजे, पण त्याला पाण्यात बुडवायचं नाही.

समोरच्या बाजूला, पायरीच्या उभ्या अंगाला, एक सरळ फळी लावा. फळीची वरची कड पायरीच्या मूळ उंचीला नेमकी आली पाहिजे, आजूबाजूच्या धड भागावरून दोरी किंवा पट्टी लावून पाहा. आतल्या बाजूला तेलाचा हात द्या, म्हणजे फळी मालाला चिकटणार नाही, आणि बाहेरून विटांचा किंवा वाळूच्या पोत्याचा टेकू द्या. खिळे ठोकण्याच्या भानगडीत पडू नका, धड उरलेली कडही फुटेल.

माल किती लागेल? चार फूट लांबीची कड दोन इंच बाय दोन इंच फुटली आहे असं धरू. एकशेवीस सेंटीमीटर गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे तीन हजार घन सेंटीमीटर, तीन लिटर. ओला माल कोरड्यापेक्षा कमी भरतो, म्हणून कोरडा सुमारे चार लिटर घ्यावा. एकास तीन प्रमाण धरलं तर एक लिटर सिमेंट आणि तीन लिटर वाळू. वजनात सांगायचं तर सिमेंट जेमतेम दीड किलो. एवढ्यासाठी पन्नास किलोंचं पोतं आणू नका. उरलेलं पोतं जिन्याखाली दगड होऊन बसतं. हार्डवेअरच्या दुकानात सुटं किंवा लहान पॅकमध्ये मिळतं. सुटं घेताना हात घालून पाहा. गुठळ्या असतील आणि त्या चिमटीत फुटत नसतील तर घेऊ नका. पोत्यावर सिमेंट कोणत्या आठवड्यात बनलं ते छापलेलं असतं. तीन महिन्यांहून जुनं टाळावं. खड्डा दोन इंचांहून खोल असेल तर वाळूबरोबर दहा मिलिमीटरची बारीक खडीही घ्या. एक भाग सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. खडी स्वतः आकसत नाही, म्हणून माल कमी आकसतो. खोल खड्डा नुसत्या सिमेंट-वाळूनं भरणं महागही आणि वाईटही.

वाळू आता बहुतेक ठिकाणी दगड दळून केलेली मिळते. ती चालते, फक्त गिलाव्याची पीठासारखी बारीक नको. नदीची मिळाली तर काचेच्या ग्लासात निम्मी वाळू आणि वर पाणी घालून, चिमूटभर मीठ टाकून, जोरात हलवून ठेवा. दोन-तीन तासांनी वर गाळाचा थर बसतो. तो वाळूच्या थराच्या आठ टक्क्यांहून जाड दिसला तर वाळू धुवून घ्या.

पाणी, हा सगळ्यात नाजूक भाग. एका पोत्याला बावीस ते पंचवीस लिटर पुरतं. आपल्या दीड किलोला पाऊण लिटरही लागत नाही. माल असा व्हावा, की मुठीत दाबला तर लाडू वळला जाईल आणि हात उघडल्यावर पाणी सुटणार नाही. पातळ माल पसरायला सोपा, पण वाया. आणि अर्ध्या तासात वापरता येईल तेवढाच कालवा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो नरम करणं ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. त्यात सिमेंटची तयार होत आलेली वीण आपणच मोडतो. रबरी हातमोजे घाला. ओलं सिमेंट कातडी भाजतं, आणि ते लगेच जाणवत नाही, रात्री कळतं.

आता जोड. बाजारात एसबीआर लॅटेक्स नावाचं दुधासारखं द्रावण मिळतं. डब्यावर दिलेल्या प्रमाणात ते सिमेंटमध्ये मिसळून, पिठल्याइतकं दाट करून, ब्रशनं खोबणीच्या सगळ्या अंगांना घासून लावा. आणि ते ओलं असतानाच माल भरा. हा लेप सुकला तर तोच जोड तोडणारा पडदा बनतो, मग न लावलेलाच बरा. लेप लावून चहाला जायचं नाही! माल थापीनं कोपऱ्यात दाबून भरा, दोन थरांत भरायचा तर पहिल्या थरावर आडव्यातिडव्या रेघा ओढून ठेवा. वरून लाकडी रंध्यानं फिरवा, आणि तिथंच थांबा. लोखंडी थापीनं घोटू नका. माल थोडा ओढला की वर खराट्याचा हलका फटकारा मारा, पायरीच्या लांबीला समांतर. त्या रेघांत पाय धरतो. पृष्ठभागाला पुढच्या बाजूला तीन-चार मिलिमीटर उतार द्या म्हणजे पागोळ्यांचं पाणी साचणार नाही. फळी दुसऱ्या दिवशी, हळूच बाजूला सरकवून काढा. धारदार कोपरा किंचित गोल करून घ्या. धारदार कोपरा लवकर उडतो आणि पडणाऱ्याला लागतोही जास्त.

इथं लोकांना आणखी एक कल्पना सुचते. एकच कड कशाला, सगळ्याच पायऱ्यांवर दीड इंच कोबा करून टाकू, किंवा फरशी बसवू. करा, पण हिशेब करून. समजा प्रत्येक पायरी सहा इंच उंच आहे. सगळ्यांवर दीड इंच चढवलं, पण अंगण आणि ओटी जिथल्या तिथं राहिली, तर पहिली पायरी साडेसात इंचांची होते आणि शेवटची साडेचारची. मधल्या सहाच्या. माणूस पायरी डोळ्यांनी चढत नाही, पायांनी चढतो. पहिल्या दोन पावलांत पायाला अंदाज येतो आणि पुढची पावलं तो त्या भरवशावर टाकतो. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या फ्रान्स्वा ब्लाँडेल या वास्तुतज्ज्ञानं मांडलेला नियम आजही धरतात: दोन पायऱ्यांची उंची आणि एकीची रुंदी मिळून साधारण एक पाऊल व्हावं, आजच्या मापात साठ-पासष्ट सेंटीमीटर. आपली जुनी सहा इंच उंची आणि बारा इंच रुंदी या नियमात चपखल बसते. राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या घरासाठी उंची १९ सेंटीमीटरपेक्षा जास्त आणि रुंदी २५ सेंटीमीटरपेक्षा कमी नको म्हणते. पण आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती सारखेपणाची गोष्ट. सगळ्या पायऱ्या सात इंचांच्या असतील तर दमायला होईल, पण कुणी पडणार नाही. एक वेगळी असेल तर कुणीतरी नक्की अडखळेल. आणि फरशी बसवायचीच तर बाहेरच्या पायऱ्यांना पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा गुळगुळीत टाइल लावू नका. जून महिन्यात, चपला ओल्या असताना, त्या पायऱ्या नसून घसरगुंडी असते. खडबडीत शहाबाद किंवा कोटा, नाहीतर खराटा मारलेलं साधं काँक्रीट, हे दिसायला गरीब असेल, पण धरतं.

उरलं पाणी मारणं. भारतीय मानक ४५६, सन २००० चं, साध्या सिमेंटला निदान सात दिवस आणि मिश्र सिमेंटला दहा दिवस ओलावा सांगतं. उष्ण, कोरड्या हवेत आणखी जास्त. आज दुकानात बहुधा मिश्र, म्हणजे पीपीसी सिमेंटच मिळतं, तेव्हा दहा दिवस धरून चला. सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी फेकणं म्हणजे ओलावा नव्हे. मधल्या वेळात ते कोरडं पडतं. गोणपाट ओलं ठेवून वर प्लास्टिकचा कागद टाका. मात्र पूर्ण मालातच लॅटेक्स मिसळलं असेल, पातळ थरासाठी तसं करतात, तर एक-दोन दिवसच ओलं ठेवून मग हवेत सुकू द्यायचं असतं. डब्यावरची सूचना वाचा. हे काम दिवाळीनंतर, ऊन मवाळ असताना करावं. मे महिन्याच्या दुपारी मुळीच नको.

पहिला दिवस पायरीवर कुणीही नाही. घरात कुत्रं असेल तर आडवं काही लावा. तीन दिवसांनी जपून पाय द्यायला हरकत नाही, आठवड्यानं नेहमीचं येणं-जाणं. सिलिंडर आणि स्कूटर मात्र चार आठवडे दुसऱ्या वाटेनं. नवा भाग जुन्यापेक्षा गडद दिसेल, तो डाग एक-दोन पावसाळे राहतो. तो झाकायला ऑइल पेंट फासू नका, त्यावर पाय घसरतो. रंग लावायचाच असेल तर प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंच रुंदीची पिवळी पट्टी ओढा, रंगात थोडी बारीक वाळू मिसळून. संध्याकाळी उतरणाऱ्याला पायरी कुठं संपते ते त्यावरून दिसतं.